खालची तळी

जातं उपटायला पहार लागली. बारा वर्षं एका जागी बसलेलं, मातीनं त्याला चहूबाजूंनी धरून ठेवलेलं. कडूबाईनं कडेची माती उकरली, पहार खाली सारली आणि अंगाचा भार टाकला तेव्हा खालची तळी एकदाची हलली. घरात हातभर खड्डा पडला. त्या खड्ड्याकडं बघून दीर व्यंकटराव म्हणाला, "बुजवून जा तेवढं. पाय मुरगळंल कुणाचा."

"बुजविते," ती म्हणाली.

नवरा भादव्यात हिवतापानं गेला होता. कार्तिक सरत नाही तोच दिरानं तोंड उघडलं. जमीन खानदानाची, घर खानदानाचं, बैल त्याचे. राहता राहिलं जातं. ते कडूबाईच्या बापानं लग्नात दिलेलं. हळद त्याच्यावर दळलेली, खुंट्याला सुपारी बांधून पुजलेलं. त्याला नाही म्हणायची व्यंकटरावाचीही छाती झाली नाही. "जातं तुझं. न्हे बाई," तो म्हणाला. कसं न्यायचं ते मात्र बोलला नाही. गाडी मागितली तर, "बैलं रिकामी हायत का माझी?" म्हणून मोकळा झाला. बैल गोठ्यात रवंथ करायले होते, ते सगळ्या गावाला दिसत होतं.

सेलूला तिचा भाऊ भुजंग सरकी काढायच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं सांगावा धाडला होता: आक्का, ये. पण जातं घेऊन ये. लढाईमुळं तेल मिळंना, पिठाची गिरणी दोन महिने बंद पडलेली. कारखान्यावर साठ-सत्तर गडी खेड्यापाड्यांतून आलेले, बाईमाणसावाचून राहणारे. त्यांच्या जवारीला दळणारं कुणी नाही. जातं असलं तर मायलेकींचं पोट बाहेरच्या बाहेर निघतंय. नसलं तर भुजंगाच्या एका खोलीत, त्याची बायको आणि दोन लेकरं यांच्यात आणखी दोन तोंडं. सांगाव्यात एवढं सगळं नव्हतं, पण कडूबाईला तेवढं कळत होतं.

मोटारीच्या सडकेपर्यंत दोन कोस. जातं मणभराचं. दोन्ही तळ्या एकदम कुणाच्या बापाच्यानं उचलणार? तिनं खालची तळी चुंबळीवर घेतली, हजार पावलं गेली, बाभळीखाली उतरवली. तिच्यापाशी सात वर्षांच्या अनशीला बसवलं. मागं आली, वरची तळी घेतली, पुढं गेली. असं करत करत दोन कोसांची वाट ती सहा कोस चालली. मानेचा काटा ढिला झाला. अनशी मात्र प्रत्येक झाडाखाली तळीवर मांडी घालून बसायची आणि आई दिसली की म्हणायची, "कुणी न्हेलं न्हाई माय, मी हाय ना."

सडकेच्या नाक्यावर एक पत्र्याची पाटी ठोकलेली होती, उर्दूत. तिच्याखाली मोटारीची वाट बघत दत्तोपंत मास्तर बसले होते. काळी टोपी, मांडीवर छत्री. त्यांना सेलूहून आगगाडी धरायची होती. त्यांनी दोन दगड बघितले, बाईची ओली मान बघितली आणि विचारलं, "मोटारीत नेणार हे?"

"घेतील का वो मास्तर?"

"न घ्यायला काय झालं? हे बघा, लिहिलंय." मास्तर उठले, पाटीवर बोट ठेवून वाचायला लागले. दर मुसाफिराला पंधरा शेर सामान बिनभाड्याचं. ज्यादा सामानाचं भाडं घ्यावं आणि पावती द्यावी. भाडं भरणाऱ्या मुसाफिराचं सामान जड आहे म्हणून त्याला सडकेवर सोडू नये. "तुमचा हक्क आहे बाई. भांडायचं. आपली माणसं भांडत नाहीत, म्हणून यांचं फावतं."

कडूबाईनं पाटीकडं बघितलं. पाखरांच्या पायांसारख्या त्या रेघांत तिच्या जात्याचीही सोय होती म्हणायची. जन्मात पहिल्यांदा कुठंतरी तिच्या बाजूचं काही लिहिलेलं होतं. तिला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

मोटार आली ती खोकत, धूर सोडत. पेट्रोल लढाईला गेल्यापासून ती कोळशावर चालायची. मागं रांजणाएवढी टाकी, तिच्यात धगधगता कोळसा. तिकिटं फाडणारा आश्रुबा खाली उतरला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "आगं माय माझे! दगडं? ही मोटार हाय का वडाराची गाडी?"

"जातं हाय, दादा."

"जातं काय अन् फातं काय, दगडच की! टपावर टाकावं तर निसटून एखाद्याचं मुंडकं फोडंल. आत टाकावं तर माणसं कुठं बसवू? तुझ्या मांडीवर?"

मास्तर पुढं झाले. पाटी वाचून दाखवली, छत्री ठोकून. वरून मालकाला अर्ज करीन म्हणाले. आत बसलेल्या लोकांना करमणूक झाली. एकजण ओरडला, "घ्या हो तिला! जात्यातले रडत्यात अन् सुपातले हसत्यात!" आश्रुबा तसा वाईट माणूस नव्हता, पण चार माणसांत कायदा ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. त्यानं दातओठ खात आठ आणे जातं-भाडं घेतलं, पावती फाडली, दोन्ही तळ्या आत ढकलल्या. मायलेकी त्याच तळ्यांवर बसल्या. बाकावर जागा होती, पण तिला कुणी बस म्हणालं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पावती तिनं पदराच्या गाठीत बांधली.

तीन कोस मोटार बरी चालली. अनशीचं अंग तापायला लागलं होतं. दिवसभर उन्हात बसलेली पोर, आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपी गेली. पुढं ओढा आला. उतारावर मोटार सुखानं उतरली, पाण्यातून गेली, आणि पलीकडच्या चढावर निम्म्यात जाऊन तिनं दम सोडला. मागं सरकायला लागली. क्लीनरनं चाकाखाली धोंडा लावला.

सगळे उतरले. गड्यांनी ढकललं, डायव्हरनं शिव्या दिल्या, क्लीनरनं कोळशाचा पंखा हात दुखेस्तोवर फिरवला. मोटार चार हात वर जायची आणि सहा हात खाली यायची. दिवस कलला. मास्तर दर घडीला घड्याळ काढून बघत होते.

"वजन कमी करा," डायव्हर म्हणाला.

सगळ्यांनी आपापल्या सामानाकडं बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून कडूबाईच्या सामानाकडं बघितलं. एका व्यापाऱ्याचे तुपाचे चार डबे होते, मिरच्यांची दोन पोती होती. त्यांच्याकडं कुणाची नजर गेली नाही.

"मी भाडं भरलंय," कडूबाई म्हणाली आणि गाठ सोडायला लागली. "पावती हाय माझ्यापाशी. मास्तर, सांगा की यांना. पाटीवर लिवलंय ना?"

मास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं. खाकरले. म्हणाले, "लिहिलंय बाई. पण त्याच्याखाली असंही होतं, की वाटेत अडचण आली तर चालवणाऱ्याला सामान उतरवता येतं. तात्पुरतं. आता एवढी माणसं खोळंबलीत. एकच दगड उतरवा, खालचा. जड तो."

ती ओळ पाटीवर होती की मास्तरांच्या आगगाडीत, ते कडूबाईला कसं कळावं? नाक्यावर त्यांचं बोट वरच्या ओळीवर होतं तेवढंच तिनं बघितलेलं.

"जोड मोडू नका दादा. एका तळीचं काय करू मी?"

"मग उतर तू बी," आश्रुबा म्हणाला. "दोन्ही दगडं घे अन् बस हितं पोरीला घेऊन. लांडगं फिरत्यात ओढ्याला." तिनं अनशीच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं. आश्रुबाचा आवाज जरा खाली आला. "उद्याच्या फेरीला आणून देतो. आईची आण. दगड कोण न्हेतंय?"

त्यानं आणि क्लीनरनं खालची तळी उतरवली. घरंगळू नये म्हणून चढाच्या कडेला कडुलिंबाच्या बुडाशी सपाट ठेवली, मधली लोखंडी मेख वर करून. मोटार चढ चढली. दगडानं चढली का लोकांच्या ढकलण्यानं, देव जाणे. कडूबाई मागच्या जाळीतून बघत राहिली. लिंबाखाली तळी एकटीच, वरची मेख आभाळाकडं करून पडलेली.

सेलूला भुजंग अड्ड्यावर आला होता. त्यानं एक तळी बघितली आणि विचारलं, "दुसरी?"

"उद्या येतीय," कडूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा म्हणाला, "आज लय गर्दी होती मावशे." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चढावर मोटार थांबवली तर पुन्हा उठत न्हाई, तू बघितलंस ना डोळ्यानं? तिथं थांबणं होत न्हाई." चौथ्या दिवशी मोटारच आली नाही. ओढ्याकाठच्या वाड्यांना पटकीची साथ लागली होती, तहसिलीतून सडक बंद केलेली. अड्ड्यावर शिपाई बसला आणि तो कुणाला तिकडं जाऊ देईना.

पटकीचं दुःख कडूबाईलाही होतं. नाही असं नाही. पण माणसाचं मन चोरटं असतं. ती रोज विचारायची, "सडक कधी उघडंल?" आणि मेलेल्यांचा आकडा ऐकून मनात म्हणायची, आता तरी संपंल.

भुजंगानं आपल्या परीनं केलं. कुणाच्या तरी उकिरड्यावरची टाकलेली खालची तळी उचलून आणली, तिच्यावर हिची वरची तळी बसवली. पण जात्याच्या दोन तळ्या काय कुणाच्याही कुणाला चालतात? बारा वर्षं एकमेकींवर घासून एकमेकींच्या झालेल्या. इथं वरची डुगडुगायला लागली, एका अंगानं चाटायला लागली. कडूबाईनं पहाटेपासून दोन पायली जवारी दळली, खांदा भरून आला. उद्धव नावाचा गडी दुपारी भाकरी हातात घेऊनच आला. "आक्का, राग मानू नका. कचकच लागायली. दाताचं पीठ व्हायलंय." त्याच्या मागून आणखी तिघं आले. चार दिवसांत कुणी जवारी आणून टाकीना.

भुजंगाची बायको पार्वतीबाई तोंडानं वाईट बोलायची नाही. तिनं फक्त एके दिवशी वरची तळी उचलून मोरीत ठेवली. "वन्सं, धुणं आपटायला दगड बरा हाय. तसाबी पडूनच हाय." त्या दिवसापासून कडूबाई आपल्याच जात्यावर भावाच्या घरची धुणी आपटायला लागली. लग्नातल्या हळदीचा पिवळा डाग खुंट्याच्या भोकात अजून होता. साबणानं तो चार दिवसांत निघाला.

मग ती कारखान्यात सरकीची टोपली उचलायला गेली. कापसाचा कण नाकातोंडात जायचा, रात्रभर खोकला. अनशी बरी झाली होती, पण भाकरीचा तुकडा उचलायच्या आधी मामीच्या तोंडाकडं बघायला शिकली होती. पोरीला ताप सोडून गेला आणि हे लागलं, असं कडूबाईला व्हायचं.

बावीस दिवसांनी सडक उघडली. मोटार आली. कडूबाई टोपली टाकून अड्ड्यावर पळाली. आश्रुबानं तिला बघितलं आणि उगाच टपाची दोरी ओढायला लागला.

"दादा, तळी?"

"हाय."

"मग आणली का न्हाई?"

"हाय, पण..." त्यानं मान खाजवली. "मला विचारू नको मावशे. तूच जाऊन बघ. माझ्यानं व्हायचं न्हाई ते."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला मायलेकी निघाल्या. जुन्या लुगड्याची चुंबळ करून घेतलेली, दोरी घेतलेली, पदरात पावती. चार कोस. येताना तळी डोक्यावर असणार म्हणून भाकरीही कमीच बांधली होती. अनशी म्हणाली, "माय, आता मी राखण करू ना परत?" "आता राखण कशाला? आता एकच तर न्यायचीय," कडूबाई म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

लिंब लांबूनच दिसला. त्याला हिरव्या-लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. बुडाशी नवा कूड, शेणानं सारवलेला ओटा. आणि ओट्यावर तिची तळी. शेंदरानं माखलेली, मेखेला पितळी डोळे चिकटवलेले. भोवती नारळाच्या करवंट्या, लिंबाचा पाला, दह्याभाताचे द्रोण. ज्वारीच्या पिठाचे दिवेही होते, जळून काळे झालेले.

टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत न्हाई म्हणतात. त्या तळीनं तर बारा वर्षं दर दिवाळीला टाकी लावून घेतलेली.

ओट्यापाशी एक म्हातारी झाडत होती. तिनं वर बघितलं. "दुरून आलीस बाई? पाया पड. आई पावती सगळ्याला."

"आजी, ही तळी माझी हाय," कडूबाई म्हणाली. "जात्याची. मोटारवाल्यांनी उतरवली होती. ही बगा पावती." तिनं गाठ सोडली. कागद घामानं भिजून भिजून मऊ पडलेला. शाई पसरलेली.

वाडीतल्या चार बाया आणि एक गडी जमले. गड्यानं कागद उलटासुलटा केला. "देवाची पावती असती व्हय? एकोणीस माणसं गेली आमची. आई परगटली त्या दिसापासून एक न्हाई गेलं. अन् तू दोरी घेऊन आलीस?" एक बाई म्हणाली, "येडी हाय." दुसरी म्हणाली, "येडी न्हाई, मूठ मारायला आलीय कुणाच्या तरी सांगण्यावरून." गड्याचा हात काठीकडं गेला.

"कडेची खपली उडालीय तिच्या," कडूबाई घाईघाईनं बोलायला लागली. "बोटभर. माझ्या मालकाच्या हातून पडली व्हती पहार. शेंदूर काढून बगा. नख घालून बगा."

म्हातारी तेव्हा उभी राहिली. "तुमी जा रं घरी," ती त्यांना म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. जा." तिचं नाव चतुराबाई. वाडीत तिचं ऐकत असावेत, कारण ते गेले. लांब जाऊन मात्र थांबले.

चतुराबाईनं कडूबाईचा हात धरला आणि तळीच्या कडेवर नेऊन ठेवला. शेंदराच्या थराखाली खपलीची खाच बोटांना लागली.

"मला ठावं हाय," म्हातारी हळू म्हणाली. "पयल्या दिसापासून ठावं हाय. जलम गेला माझा दळणात, तळी वळखायला मी काय आंधळी हाय? माझे दोन लेक गेले, सून गेली. एकाच दिशी तिघं. नात राहिली एकटी, ती बी हागवणीनं वाळून चिपाड झालेली. वैद न्हाई, दवा न्हाई. मी पाण्याला आले अन् हितं ही दिसली. मेख वर करून बसलेली. मला वाटलं, कुणीतरी ठिवली हाय आपल्यासाठी. मीच पयला शेंदूर लावला. नात राहिली बाई माझी." तिनं वाडीकडं हात केला. उंबऱ्यात एक पोर काटकीसारखे पाय पसरून बसली होती. "आता तू न्हेलीस अन् तिला काई झालं तर? न्हेऊ नको म्हणत न्हाई मी. तुझी हाय. तुला जड न्हाई वाटलं तर न्हे."

कडूबाई बसली. तिला राग यायला हवा होता, म्हातारीवर, आश्रुबावर, त्या छत्रीवाल्या मास्तरावर. पण तिच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं गेली होती आणि चौथी जगावी म्हणून बापानं तिचं नाव कडू ठेवलं होतं, यमाला सुद्धा नकोसं वाटावं म्हणून. लेकरू जगावं म्हणून माणसं काय काय करतात ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच तशी जगलेली.

तिनं खाचेवरचा हात काढला. बोटं शेंदरी झाली होती.

म्हातारी घरात गेली आणि सुपात पायलीभर जवारी घेऊन आली. कडूबाईच्या पदरात ओतली. कडूबाईनं नको म्हटलं नाही. नको म्हणायची तिची ऐपत नव्हती.

"माय," अनशी कुजबुजली, "ही आपली तळी ना?"

"न्हाई," कडूबाई म्हणाली. "देव हाय. पाया पड."

पोरीनं डोकं टेकवलं. कडूबाईनंही टेकवलं. विधवेच्या कपाळाला शेंदराचा डाग लागला तो तिनं पदरानं पुसला, पण सगळा निघाला नाही.

मायलेकी सडकेला लागल्या तेवढ्यात ओढ्याच्या पाण्यातून मोटार आली, खोकत, धूर सोडत. चढाच्या निम्म्यात, बरोबर लिंबापाशी, ती थांबली. आपणहून थांबली. डायव्हर उतरला, आश्रुबा उतरला, माणसं उतरली. आश्रुबानं ओट्याच्या कडेवर नारळ फोडला, बोटभर शेंदूर घेऊन मोटारीच्या नाकाला लावला. सगळ्यांनी हात जोडले. क्लीनरनं पंखा फिरवला आणि मोटार पहिल्याच झटक्याला चढ चढून वर गेली.

वर सपाटीला कडूबाई उभी होती. मोटार तिच्यापाशी पुन्हा थांबली. आश्रुबाच्या मानेत लाज होती, पण बोलायला तोंड नव्हतं, म्हणून तो रोजचंच बोलला.

"चढ मावशे. फुकट न्हेतो तुला अन् पोरीला. सामान काय हाय संगं?"

कडूबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग खाली, लिंबाकडं.

"सामान तुमीच उतरवून घेतलं की दादा," ती म्हणाली.

पदरातली जवारी तिनं नीट बांधली, पोरीचं बोट धरलं आणि सडकेच्या कडंकडंनं चालायला लागली. मोटार जरा वेळ तिच्या मागं हळूहळू आली. मग धूर सोडत पुढं गेली. पायलीभर जवारी होती. दळायला कुणाच्या जात्यावर बसावं, याचा विचार तिला सेलूपर्यंत पुरला.